'हिस्टेरिकली' म्हणजे नेमकं कसं?

इंग्रजीतलं 'हिस्टेरिकली' हे क्रियाविशेषण आता शहरी मराठीत चांगलंच रुळलं आहे. 'ती हिस्टेरिकली ओरडायला लागली', 'मीटिंगमध्ये त्या हिस्टेरिकली बोलल्या'. पुरुषाने टेबल आपटलं तर तो 'तापट', फार तर 'भडकला'. आपला 'आक्रस्ताळेपणा'सुद्धा बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतो, पण तो निदान स्वभावाचा दोष. 'हिस्टेरिकली' म्हटलं की तिचा आजार झाला. आजारी माणसाचं म्हणणं खोडून काढावं लागत नाही, त्याला नुसतं गप्प करायचं असतं.

या शब्दाचं मूळ आहे ग्रीक 'हिस्टेरा', म्हणजे गर्भाशय. ते शरीरात जागा सोडून भटकतं, वर चढतं आणि बाईचा जीव गुदमरतो, अशी तिथल्या प्राचीन वैद्यांची समजूत होती. उपाय काय, तर लग्न आणि गर्भारपण. ('लग्न लावून द्या, होईल ठीक' हे औषध आपल्याकडे ग्रीकांना न विचारताच चालू आहे!) एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को अशा रुग्ण बायकांना श्रोत्यांसमोर उभं करून व्याख्यानं देत. पुरुषांनाही हा आजार होतो हे त्यांनी स्वतःच दाखवलं, तरी शब्द चिकटला तो बायकांनाच. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये बायका मताधिकारासाठी लढत होत्या, तेव्हा आल्मरॉथ राइट या नामांकित डॉक्टरने लंडनच्या 'टाइम्स'ला लांबलचक पत्र लिहून त्यांच्या मागणीचं कारण त्यांच्या मनाच्या बिघाडात शोधलं. मागणीला उत्तर द्यायची गरजच उरली नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतून १९८० मध्ये 'हिस्टेरिया' हे निदान गेलं. क्रियाविशेषण मात्र राहिलं.

ते काय काम करतं हे पोलीस ठाण्यात कळतं. एका मार खाल्लेल्या बाईबरोबर मी गेले होते. ती रडत, अडखळत, मधेच ओरडून सांगत होती. साहेब मला म्हणाले, "ताई, तुम्हीच बोला, या हिस्टेरिकल झाल्यात." नवरा बाकावर शांत बसला होता. त्याला चहा आला. शांत बसला म्हणजे समजूतदार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. तीन दिवस न झोपलेल्या बाईने कोणत्या सुरात बोलावं, हे त्यांनी सांगावं तरी!

याच ग्रीक मुळापासून 'हिस्टरेक्टमी' हा शब्द आला. बीडकडच्या बायका त्याला 'पिशवी काढणं' म्हणतात. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, मग पाळीचं दुखणं परवडत नाही. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. गर्भाशयापायी बाई बेभरवशाची, हे ग्रीक वैद्याचं मत आणि मुकादमाचा हिशेब यांत मला फारसा फरक दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी काढलेल्या हस्तपुस्तिकेत, बायका अतिभावनाप्रधान आणि तर्कहीन असतात, ही चुकीची समजूत म्हणून नोंदवली आहे. चांगलं झालं. पण बाईचं म्हणणं पहिल्यांदा कागदावर येतं ते न्यायाधीशांपुढे नाही. ते लिहितो ठाण्यातला हवालदार, दवाखान्यातले डॉक्टर, आणि मैत्रिणींनो, आपणही! संघटनांच्या केस-नोंदींत 'बाई हिस्टेरिकल होती' असं मी वाचलं आहे. त्याऐवजी 'मोठ्याने बोलत होती, दोनदा रडली, दार लावून मारल्याचं सांगितलं' असं लिहावं. एखादी ओळ वाढेल, पण काय घडलं ते त्यात येईल.

तुमच्या भागात अशा बाईसाठी कोणते शब्द वापरतात? चार ओळी लिहून जरूर कळवा. पुढच्या अंकात ते एकत्र छापता येतील.