थांबलेली गाडी चालवता येते का?

'गाडी येते का?' असं विचारलं की आपण लगेच शंभरच्या स्पीडच्या गप्पा सुरू करतो. गाडी थांबवून धरता येते का, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. खरी परीक्षा असते ती तिथेच. बोरघाटात चढावर ट्रॅफिक तुंबलेलं असतं. पुढची गाडी हलते, आपण ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेतो आणि तेवढ्यात गाडी मागे घरंगळते. मागे ट्रक असेल तर आपला डबा वाजतो. मागे मोटरसायकलवर नवरा-बायको आणि मधे पोरगं असेल तर पुढचं सांगायलाच नको.

यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे हाफ क्लच. क्लच अर्धा सोडायचा, थोडी रेस द्यायची आणि गाडी जागेवर तरंगत ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं, काय कंट्रोल आहे! माझं मत स्पष्ट आहे : हे कौशल्य नाही, ही नासाडी आहे. थांबलेली गाडी ब्रेकने धरायची, इंजिनाने नाही.

इंजिनिअरिंगला आहोत, तर हिशोब मांडूच. 1000 किलोची गाडी, दहाला एक असा चढ. गाडीला खाली ओढणारं बल साधारण 980 न्यूटन. चाकाची त्रिज्या 0.3 मीटर आणि पहिल्या गिअरमधलं एकूण गुणोत्तर 14 धरलं, तर क्लचवर सुमारे 21 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. इंजिन 1500 आरपीएमवर फिरतंय आणि चाक स्थिर आहे. म्हणजे जवळजवळ 3.3 किलोवॅट, आणि काम शून्य! सगळी उष्णता क्लचमध्ये. होस्टेलवर 1 किलोवॅटचा एक रॉड सापडला तरी रेक्टर सर जप्त करतात; इथे तर आपण तीन रॉड लावून बसलोय. घाटात येणारा तो जळका वास उगाच नसतो.

बरोबर पद्धत सोपी आहे. थांबलात की हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा. निघताना पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं की क्लचने पकड घेतली. आता हँडब्रेक सोडा. ब्रेक आणि टॉर्क यांची ही रिले शर्यत आहे : दुसऱ्याने बॅटन पकडल्याशिवाय पहिल्याने सोडायचा नाही.

बाईकवाल्यांनो, हसू नका. चढावर पुढचा ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्या हातातच येतात. म्हणून डावा पाय जमिनीवर टेकवा आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक धरा. गिअर नसलेल्या स्कूटरला डावा ब्रेक आहेच. तिला रेसवर उभी ठेवलीत तर तिचाही क्लच तापतोच.

कुणी म्हणेल, आता नव्या गाड्यांत हिल होल्ड असतं, हे शिकायचं कशाला? कल्पना तशी जुनीच. अमेरिकेच्या स्टुडबेकर कंपनीने 1936 सालीच गाडीत 'हिल होल्डर' दिला होता. आजच्या गाडीत सेन्सर चढ ओळखतो, पाय काढल्यावरही ब्रेकचं प्रेशर साधारण दोन सेकंद टिकतं आणि इंजिनाचा टॉर्क पुरेसा झाला की ब्रेक सुटतो. सोय उत्तम आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ते दोन सेकंद म्हणजे उसनवारी आहे. त्यात निघाला नाहीत तर गाडी मागे येणारच. शिवाय उद्या मित्राची जुनी गाडी किंवा घरचा टेम्पो हातात आला, तर तिथे कुठला सेन्सर?

म्हणून एक सूचना. मेकॅनिकल विभागाने टेक्निकल फेस्टिव्हलमध्ये रोबोट जरूर नाचवावेत, पण सोबत एक जळकी क्लच प्लेटही मांडावी. आणि एखाद्या रविवारी, जाणत्या ड्रायव्हरला शेजारी बसवून, रिकाम्या चढावर प्रत्येक लायसन्सवाल्याकडून गाडी उचलून घ्यावी. मागे माणूस नाही, फक्त एक रिकामा खोका ठेवायचा. खोका चेपला नाही, तो पास!