शिखरावरचा विराम

लॉस एंजेलिस येथे ४ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेल्या ग्रॅमी सोहळ्यात ‘बॉयजीनियस’ या त्रिकुटाने तीन पुरस्कार पटकावले आणि त्याच सुमारास एकत्रित कामाला अनिश्चित काळासाठी विराम दिला. ऐन भरात मैफल आवरती घेण्याचा हा निर्णय वरकरणी बुचकळ्यात टाकणारा असला, तरी त्यामागे संगीत व्यवसायाचे बदललेले गणित आहे.

ज्युलियन बेकर, फीबी ब्रिजर्स आणि लुसी डेकस या अमेरिकी गायिका-गीतकार स्वतंत्रपणे नावारूपाला आल्या होत्या. २०१८ मध्ये संयुक्त दौऱ्याच्या निमित्ताने त्या स्टुडिओत जमल्या आणि सहा गाणी सिद्ध झाली. ती ‘मॅटाडोर’ या स्वतंत्र कंपनीने काढली. त्यानंतर प्रत्येकीने आपापली वाट धरली. मार्च २०२३ मध्ये ‘इंटरस्कोप’ या बड्या कंपनीतर्फे आलेला ‘द रेकॉर्ड’ हा अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

नामवंतांचे असे अल्पजीवी गट रॉक संगीताला नवे नाहीत. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांचा ‘क्रीम’ १९६६ मध्ये उभा राहिला व १९६८ मध्ये मोडला. ब्रूस आणि बेकर यांचे वैर त्याला मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरले. ‘बॉयजीनियस’ने मात्र वाटणी आरंभीच स्पष्ट ठेवली. अल्बमपूर्वी एकाच दिवशी आलेल्या तीन गाण्यांत मुख्य आवाज तिघींचा वेगवेगळा होता. थोरली पाती कोणाचीच नव्हती. त्यामुळे थांबताना हिशेबाचा तंटा जाहीरपणे दिसला नाही.

तथापि, या समंजसपणाची दुसरी बाजू विचारात घ्यायला हवी. प्रत्येकीचे स्वतंत्र नाव आणि श्रोतृवर्ग असल्यानेच हा विराम परवडला. २०२५ मध्ये डेकस यांचा स्वतःचा, तर बेकर यांचा टॉरेस या गायिकेसह नवा अल्बम आला. चार-पाच अनोळखी वादकांच्या गटाला अशी पाठराखण नसते. इंटरनेटवरून गाणी ऐकण्याच्या व्यवहारात दर श्रवणामागे मिळणारी तुटपुंजी रक्कम त्यांना आपसात वाटून घ्यावी लागते आणि दौऱ्याचा खर्च माणशी वाढतो.

एकट्याने नाव कमवावे आणि मग हौसेने एकत्र यावे, अशीच जर रीत पडली, तर वर्षानुवर्षे सोबत वाजवून घडणारा गट ही संस्थाच दुर्मीळ होईल. ‘बॉयजीनियस’चे यश साजरे करताना याची जाणीव ठेवलेली बरी.