डहाणूनं आधी चौकट आखली

धामणगाव रेल्वेपासून समुद्र लांब, पण आता त्या समुद्राशी या तालुक्याचं नातं जुळू लागलं आहे. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यात धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला जोडायचंही शासनानं ठरवलं आहे. वऱ्हाडचा कापूस आणि सोयाबीनची ढेप उद्या त्या वाटेनं जहाजावर चढेल, ही आशा रास्तच आहे. पण ज्या डहाणू तालुक्यात हे वाढवण आहे, त्यानं आपलं रूप आजवर कसं राखलं, हे धामणगावकरांनी मुळातून समजून घ्यावं.

डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले दिसतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून टांगलेले. थोडं आत गेलं की घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या. टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीनं एकेक फळ उतरवलं जातं. या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात घराघरांत डायमेकिंग चालतं. सोनाराच्या दागिन्यांच्या नक्षीचे साचे कारागीर पोलादात हातानं कोरतात. आणि डोंगराकडच्या गंजाडमध्ये जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली. मच्छीमार, बागायतदार, डायमेकर, आदिवासी शेतकरी: सगळ्यांची चूल हवा, पाणी आणि जमिनीवर पेटते.

म्हणूनच तिथं औष्णिक वीज प्रकल्प येऊ घातला तेव्हा लोक उठले. 20 जून 1991 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. उद्योगांची हिरवा, नारिंगी, लाल अशी वर्गवारी झाली, उद्योगांसाठी पूर्ण तालुक्यात 500 एकरांची कमाल मर्यादा ठरली आणि सभोवती 25 किलोमीटरचा राखीव पट्टा ठेवला गेला. तालुक्याचा विकास आराखडा याच मर्यादांत बसवायचा होता.

कागदावरचा नियम मात्र आपोआप पाळला जात नाही. स्थानिक पर्यावरणप्रेमींना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयानं नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडून पाहणी करून घेतली आणि ऑक्टोबर 1996 च्या निकालात स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, विदर्भाला घरच्यासारखे असलेल्या दादा धर्माधिकारींचे चिरंजीव.

या प्राधिकरणानं काय केलं, त्याची दोन उदाहरणं पुरेत. 1998 मध्ये एका परदेशी कंपनीचा वाढवण बंदराचा प्रस्ताव त्यानं नाकारला. वीज केंद्र तर 500 मेगावॉटचं, 1995 पासून चालू झालेलं. ते बंद करणं शक्य नव्हतं. तेव्हा 1999 मध्ये प्राधिकरणानं धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायचा आदेश दिला. ती बसायला 2007 साल उजाडलं. आठ वर्षं पाठपुरावा करायला कुणीतरी अधिकारानं बसलेलं होतं, म्हणूनच ती बसली.

2019 च्या जानेवारीत धर्माधिकारी गेले. पुढच्याच वर्षी केंद्रानं वाढवण बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली. 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणानं, नव्या रचनेत, बंदराला ना हरकत दिली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 76,220 कोटी रुपयांच्या प्रकल्पावर शिक्कामोर्तब केलं आणि 30 ऑगस्टला भूमिपूजन झालं. समुद्रात भराव टाकून सुमारे 1,448 हेक्टर जमीन उभी करायची आहे. मच्छीमारांचा विरोध अजून मावळलेला नाही.

बंदर हवं की नको, यावर वऱ्हाडात दोन मतं असतील. पण ज्यांच्या जाळ्याखालचा समुद्र भरला जाणार, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय ‘आमचा माल जाईल’ एवढ्यावर समाधान मानणं माणुसकीला धरून नाही.

धामणगावचीही गोष्ट फार वेगळी नाही. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, त्या मार्गावरच्या स्टेशनाभोवती कापसाचा व्यापार आणि जिनिंग-प्रेसिंग वाढलं, शेजारच्या दत्तापूरला जोडून शहर उभं राहिलं. आता महामार्गाच्या कडेला जमिनींचे व्यवहार होतील, प्लॉट पडतील, गोदामं येतील. काळी कसदार जमीन कुठवर बिगरशेती होऊ द्यायची, नाल्यांचे काठ मोकळे ठेवायचे का, जुन्या जिनांच्या आवारांचं काय करायचं, हे गावानंच ठरवायला हवं, आणि जमिनीचा भाव वाढण्याआधी ठरवायला हवं. डहाणूत बंदराचा प्रश्न पुन्हा आला तेव्हा निदान विचारायला एक मर्यादा आणि एक दरवाजा होता. धामणगावात तसं खास काही नाही; पण कायद्यानं दिलेली एक वाट आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप विकास आराखड्यावर ठरावीक मुदतीत कुणालाही हरकत आणि सूचना देता येते. पुढचा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा नगर परिषदेत जाऊन नकाशा पाहा, आपला सर्व्हे नंबर शोधा, आणि सूचना लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.