‘होय’ दाबायचं की ‘नाही’? चूक बोटाची नव्हे, स्क्रीनची

गावात कुणालाही विचारून बघा, “आज एसटी आली नाही ना?” एक जण म्हणेल, “हो, नाही आली.” दुसरा म्हणेल, “नाही, नाही आली.” दोघांचं म्हणणं एकच. माणसाला ते बरोबर कळतं. कॉम्प्युटरला कळत नाही. त्याच्या लेखी ‘होय’ वेगळं आणि ‘नाही’ वेगळं.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नेमकं हेच घडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ही ई-केवायसी सुरू झाली. त्यात घरातलं कोणी सरकारी नोकरीत आहे का, हे तपासणारा प्रश्न होता. पण तो सरळ विचारलेला नव्हता, नकारार्थी होता. ‘कोणी नोकरीत नाही’ अशा अर्थाचं वाक्य आणि खाली ‘होय’ किंवा ‘नाही’. शेतमजुरी करणाऱ्या बाया गोंधळल्या. केंद्रावरची पोरंही गोंधळली. चुकीचं बटण दाबलं गेलं आणि ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी सरकारी नोकर झाला नाही, त्या कागदोपत्री सरकारी नोकराच्या घरच्या ठरल्या. महिन्याचे १५०० रुपये थांबले. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये चुकीचा पर्याय निवडला गेलेल्या महिलांची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायचं सरकारनं जाहीर केलं. म्हणजे जे काम कॉम्प्युटर चुटकीसरशी करणार होता, त्यासाठी पुन्हा माणूसच दारोदार पाठवायची वेळ आली.

या प्रकरणात बहुतेक ठिकाणी एकच शब्द ऐकू आला, ‘महिलांनी चूक केली.’ खरं तर चूक प्रश्नाची होती. एका बाईनं चुकीचं बटण दाबलं तर तिची चूक म्हणता येईल. एवढ्या मोठ्या संख्येनं बायका एकाच ठिकाणी चुकतात, तेव्हा रस्त्यातच खड्डा आहे हे समजून घ्यावं लागतं.

आणि हा खड्डा एकाच योजनेत नाही. खेड्यातल्या माणसाचं सरकारशी असलेलं जवळपास प्रत्येक काम आता एका स्क्रीनवरून जातं. ती स्क्रीन नीट चालली नाही की नुकसान मात्र स्क्रीनसमोर बसलेल्याचं होतं.

पीक शेतात, फोटो अडकलेला

ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पद्धत सुरू झाली. आधी पीकपेरा तलाठी नोंदवायचे. कधी बांधावर येऊन, कधी चावडीवर बसूनच. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा आणि नोंद करायची. विचार चांगला आहे. आपल्या शेतात काय पेरलंय हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

अडचण पुढं येते. घरात एकच स्मार्टफोन, तोही सहा-सात हजारांचा. त्याची जागा गुड मॉर्निंगच्या फोटोंनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. ॲपची नवीन आवृत्ती टाकायला गेलं की ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. जागा करून ॲप टाकलं तर जीपीएस गट दाखवतं शेजाऱ्याचा. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही. कापसाच्या पाटीत उभं राहून चार अंकी संकेतांक आठवायचा. सगळं जमलं की गोल चक्र फिरत राहतं.

या ॲपमध्ये एक गोष्ट मात्र शहाणपणाची आहे. शेतात रेंज नसली तरी फोटो आणि माहिती फोनमध्ये साठवता येते आणि गावात रेंज आल्यावर अपलोड करता येते. नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्तीही करता येते. म्हणजे शेताचा विचार करून ॲप बनवायचं ठरवलं तर बनवता येतं. मग बाकीच्या ठिकाणी हा विचार का होत नाही, हा प्रश्न आहे.

कारण यात पैसा अडकलेला असतो. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी सरकारनं हेक्टरी ५००० रुपयांची, २ हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर केली होती. त्यासाठी ई-पीक पाहणीतली नोंद धरली गेली. ज्यांनी कापूस पिकवला, वेचला, विकला, पण ज्यांच्या फोननं साथ दिली नाही, ते यादीबाहेर राहिले. ओरड झाली. मग २०२४ मध्ये सरकारला ही अट शिथिल करावी लागली. २०२५ च्या खरिपातही पाहणीची मुदत वाढवावी लागली. दर हंगामात मुदत वाढवावी लागत असेल, तर शेतकरी आळशी आहे हे कारण पुरत नाही.

ओटीपी पुण्याला, आई गावाला

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे ओटीपी. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. शहरात मोबाईल ज्याचा त्याच्या खिशात असतो, तिथं दहा मिनिटं भरपूर झाली. खेड्यात आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा पोराचा असतो आणि पोरगा पुण्याला किंवा चाकणला कंपनीत पाळीवर. कंपनीच्या गेटवर मोबाईल काढून घेतात. केंद्रावर आई उभी, ओटीपी लॉकरमध्ये. कधी नंबर रिचार्ज न केल्यामुळं बंद पडलेला. मग आधी आधार केंद्र गाठून नंबर बदला. त्यासाठी तालुक्याला जा. एक दिवसाची मजुरी बुडवा.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत तर बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं. ज्यांचा नवरा वारला, वडीलही नाहीत, त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा? या बायांसाठी वेगळी सोय नंतर करावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली. खेड्यात प्रत्येक गल्लीत एखादी एकटी बाई असते. फॉर्म तयार करणाऱ्याच्या डोळ्यासमोर ती नव्हती, एवढाच याचा अर्थ.

अंगठा उमटत नाही

तिसरी अडचण मशीनची. ऊस तोडणारा, वीटभट्टीवर राबणारा, चार जनावरांचं शेण-पाणी करणारी म्हातारी, यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा पाच वेळा ठेवला तरी लाल दिवा. कुणी बोट ओल्या फडक्याला पुसतं, कुणी डोक्याच्या केसाला घासतं. मागं रांग वाढते. दुकानदार म्हणतो, “मावशी, उद्या या.” उद्याही बोट तेच असतं.

इथं एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. आधार प्राधिकरणानं २४ ऑक्टोबर २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात सांगितलं आहे की बोटाचा ठसा जुळला नाही तर डोळ्याचं बुबुळ किंवा ओटीपी असा दुसरा मार्ग वापरावा. तेही जमलं नाही तर खात्री करून, रजिस्टरला नोंद घेऊन लाभ द्यावा. म्हणजे अंगठा उमटला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला रिकाम्या हातानं पाठवणं हे नियमात बसत नाही. पण दुकानाच्या भिंतीवर हे कुठं लिहिलेलं दिसत नाही.

रामभाऊ आणि रामचंद्र

कृषी विभागाच्या योजनांसाठी एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला. यात आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळावं लागतं. आता सातबाऱ्यावर ‘रामभाऊ’ आणि आधारवर ‘रामचंद्र’ असेल तर गावाला माहीत असतं की माणूस एकच आहे. सासरचं नाव, माहेरचं नाव, पुढं लावलेलं ‘बाई’ किंवा ‘राव’, इंग्रजीतून मराठीत येताना बदललेली वेलांटी, हे सगळं कॉम्प्युटरला वेगळ्या माणसासारखं दिसतं. सातबाऱ्यावरचं नाव शेतकऱ्यानं टाईप केलेलं नाही. आधारवरचंही नाही. दोन ठिकाणी दुसऱ्यांनी टाईप केलं आणि दुरुस्तीच्या चकरा मात्र शेतकऱ्याच्या नशिबी आल्या.

‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नाही

या सगळ्यात सामाईक गोष्ट एकच. ॲप किंवा वेबसाईट बंद पडली की जबाबदार कुणी नसतं. तलाठी म्हणतात वरून आहे. केंद्रचालक म्हणतो सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. पण मुदतीचं घड्याळ चालूच राहतं. पूर्वी साहेब जागेवर नसले तर निदान त्यांची रिकामी खुर्ची दिसायची, उद्या या म्हणणारा शिपाई असायचा. आता इंग्रजीत दोन ओळी येतात आणि स्क्रीन पांढरी होते. त्या ओळींचा अर्थ काय, पुढं काय करायचं, हे कुठंही सांगितलेलं नसतं.

केंद्रचालकांनाही एकतर्फी दोष देऊन चालणार नाही. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर दम तोडतो. प्रिंटर शाई मागतो. फोटो अमुक केबीपेक्षा मोठा म्हणून वेबसाईट परत फेकते, लहान केला तर अक्षर वाचता येत नाही म्हणून अर्ज नाकारला जातो. दिवसभरात वीस जणांचं काम व्हायचं तिथं सहा जणांचं होतं आणि शिव्या तो खातो.

याचा सगळ्यात वाईट परिणाम वेगळाच आहे. सरकारी ॲप चालत नाही म्हणून वैतागलेला माणूस व्हॉट्सॲपवर आलेल्या पीएम किसानच्या नावाच्या कुठल्याही फाईलवर बोट ठेवतो. अशा खोट्या एपीके फाईलमुळं लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. आपला ओटीपी कुणालाही सांगू नका, असं सरकार सांगतं. पण दुसऱ्याला सांगितल्याशिवाय काम होत नाही, अशी व्यवस्थाही सरकारनंच तयार केली आहे.

काय करायला हवं?

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रश्न सरळ मराठीत विचारा: ‘घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?’ एवढंच. अर्ज पाठवण्याआधी ‘तुम्ही असं सांगितलं आहे’ हे मोठ्या अक्षरात दाखवा आणि नंतर दुरुस्तीची संधी द्या. ई-पीक पाहणीत ती देता येते, तर बाकी ठिकाणीही देता येईल. जितके दिवस सर्व्हर बंद, तितके दिवस मुदत आपोआप पुढं जाऊ द्या, त्यासाठी आंदोलनाची वाट बघू नका. आणि कुठलंही ॲप राज्यभर सोडण्याआधी ते रेंज नसलेल्या गावात, जुन्या फोनवर, साठीच्या माणसाच्या हातात देऊन बघा. तो जिथं अडकेल तिथं ॲप बदला.

तोवर शेतकऱ्यांनी आणि ताई-मावशींनी एवढं करावं. काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये, सकाळी लवकर किंवा रात्री वेबसाईटवर गर्दी कमी असते. एरर आली की तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. अर्जाची पावती मागून घ्यावी. बटण दाबण्याआधी केंद्रचालकाला प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगावा. ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यावं. काम अडलं तर तोंडी न बोलता तहसील किंवा कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क आहे आणि मिळाली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं.

फोन न चालवता येणं हा गुन्हा नाही. बियाणं, खत, पाऊस, बाजारभाव यांचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला दोन बटणं कळत नाहीत, असं मानणं चुकीचं आहे. त्याला दोन बटणं कळतात. पण त्या बटणांवर काय लिहायचं हे ठरवणाऱ्यानं एकदा तरी गावात येऊन, रांगेत उभं राहून, आपलंच ॲप वापरून बघायला हवं.