निरोप्याची कादंबरी

मराठीत साहसाला वयाची अट आहे. फुरसुंगीचा बन्या फेणे शाळकरी, म्हणून त्याने सायकल हाणत चोरांच्या मागे जावं, भा. रा. भागवतांना त्याबद्दल आपण मनापासून दाद देतो. नायकाला मिसरूड फुटलं की मात्र त्याने उदास व्हावं, खोलीवर पडून राहावं, फार तर गावी जाऊन यावं. मोठ्यांसाठी साहस लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्या वाट्याला हजारावर रहस्यकथा लिहूनही वाङ्मयेतिहासातलं एखादं वाक्य येतं, तेही संख्येबद्दल.

मी लिहीत असलेल्या कादंबरीचा नायक एकतीस वर्षांचा आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या पदरी तो मोडी लिहिणारा कारकून आहे, डोक्यावर कर्ज आहे, आणि एका हरवलेल्या पोथीच्या मागे तो तिरुवैयारुच्या पाचही नद्या ओलांडतो. त्यांतली एक नदी त्याच्याशी भांडते. एका प्रकाशकांनी आठ प्रकरणं वाचून कळवलं की नायकाला तेरा वर्षांचा करा, किशोरांसाठी काढू. दुसऱ्या एका संपादकांनी विचारलं, नदीचं बोलणं कारकुनाच्या मनोविकाराचं लक्षण म्हणून दाखवता येईल का? म्हणजे नायक एक तर पोर हवा, नाहीतर भ्रमिष्ट. शहाण्या, कर्जबाजारी, मोठ्या माणसाशी नदी बोलली तर आपल्याकडे ते साहित्य होत नाही.

मी तमिळमधून मराठीत भाषांतरं करते आणि तिरुवैयारुत राहते. इथे ही अट कुणाला ठाऊक नाही. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी घाटावर बायका कावेरीची पूजा करतात. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ त्याच दिवशी सुरू होते. १९५० ते १९५४ या काळात ती ‘कल्कि’ साप्ताहिकात क्रमशः आली. कल्कींचं लेखन सरकारने राष्ट्रीयीकृत केल्यामुळे आता ती कुणीही छापतं. २०२२ आणि २०२३ मध्ये मणिरत्नमने तिचे दोन चित्रपट केले, पण वाचकांना त्यांची गरज नव्हती. आजीने वाचलेली, आईने वाचलेली कादंबरी मुलगी वाचते आणि तिघींचं भांडण कुंदवै आणि नंदिनी यांच्यावरून होतं. ‘ही लहान मुलांची का?’ असं मी एकदा मुद्दाम विचारून पाहिलं. समोरच्या बाईंना प्रश्नच कळला नाही.

या कादंबरीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो पुढे राजराज चोळ होणारा राजपुत्र, तंजावरचं मोठं देऊळ बांधणारा. पण कथा ज्याच्या घोड्यावरून पुढे जाते तो वंदियदेवन राज्य गेलेल्या घराण्यातला निरोप्या आहे. युवराजाची ताडपत्रं पोचवणं एवढंच त्याचं काम. तो थापा मारतो, नको तिथे कान लावतो, पकडला जातो, सुंदर बाई दिसली की बोलणं विसरतो. कल्की त्याला हसतात आणि आपल्यालाही हसू देतात. राजपुत्राला मात्र असं हसता येत नाही.

आता आपल्याकडे या. ‘स्वामी’ १९६२, ‘मृत्युंजय’ १९६७, ‘छावा’ १९७९. माधवराव, कर्ण, संभाजीराजे. तिन्ही मी रडत वाचल्या, आणि त्या रडण्याची मला लाज नाही. पण आपली लोकप्रिय ऐतिहासिक-पौराणिक कादंबरी थोरांच्या मृत्यूकडे निघालेली असते, आणि थोरांसमोर वाचकाने उभंच राहायचं असतं. आग्ऱ्याहून सुटका ही जगातल्या कुठल्याही भाषेने हेवा करावा अशी साहसकथा. त्यातला मिठाईचा पेटारा खांद्यावर घेतलेल्या हमालाची कादंबरी मी तरी वाचलेली नाही. त्याला घाम फुटला असेल, पेटाऱ्याचं वजन अचानक वाढलेलं कळलं असेल. आपल्याला तो दिसत नाही, कारण आपण मुजऱ्यात वाकलेले असतो.

यावरचा गंभीर आक्षेप ठाऊक आहे: जात आणि भूक ज्या समाजात आहेत तिथे घोडे दौडवणं ही पोट भरलेल्यांची चैन. दलित आणि ग्रामीण साहित्याने मध्यमवर्गी मनोरंजनाला दिलेला तडाखा आवश्यकच होता. पण मग अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’चं काय करायचं? उपाशी वस्तीसाठी धान्य आणि खजिना लुटणारा, घोड्यावरून दौडणारा तो मांग नायक आहे, आणि कादंबरी बाबासाहेबांना अर्पण केलेली आहे. ‘फकिरा’ हलकीफुलकी नाही, हे मान्य. पण ती पानापानाला साहसकथा आहे. आपण तिच्यातला विद्रोह अभ्यासक्रमाला लावतो आणि तिच्यातली दौड लपवतो, जणू ती अण्णाभाऊंची चूक होती.

आणि अद्भुत परकं आहे म्हणावं, तर मराठी कादंबरीचा पाळणाच तिथे हलला. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत सरळ सांगून टाकलं की आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात चमत्कारिक असं काही घडत नाही, तेच लिहिलं तर कोण वाचणार? हे उत्तर पुरेसं नाही, पण प्रामाणिक आहे. नंतरच्या समीक्षेने त्या कादंबऱ्यांना बाळपणीचा आजार ठरवून टाकलं. तंजावरची मराठी तर आपल्या इतिहासात कोपऱ्यातच राहिली. इथे १८०६ साली सरफोजींच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून देवनागरीत छापल्या गेल्या. ते मुलांचं पुस्तक, सोडा. पण त्याच राजाच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ नाटकात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई देवलोकात जगाचा नवा भूगोल गाऊन सांगते. देवांना खंडं आणि देश शिकवणारी भटकी बाई! याला हलकीफुलकी फँटसी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? दरबारातल्या मोठ्या माणसांसाठीच ते लिहिलेलं होतं.

भाषांतर करताना ही उणीव कामातच अडते. तमिळ निरोप्याची थट्टा मराठीत आणायला बसलं की लेखणीतून ‘आज्ञा, महाराज’ उतरतं. छापील ऐतिहासिक मराठीत चेष्टेला जागा उरलेली नाही. ती सापडते तमाशाच्या बतावणीत, वगात. तिथला सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाची फिरकी घेतो आणि प्रेक्षक टाळ्या देतात. फडावर चालतं ते पुस्तकात का चालू नये? मी हल्ली वगांची पुस्तकं टेबलावर ठेवूनच कल्की उघडते.

यात नुकसान कुणाचं, तर सोळा वर्षांच्या वाचकाचं. फास्टर फेणे संपलेला असतो, ‘कोसला’ अजून यायची असते. मधल्या काळात तो टोल्किन वाचतो, प्रॅचेट वाचतो, इंग्रजीत. त्यानंतर त्यांतले किती परत येतात, हे आपल्या आजूबाजूच्या घरांत पाहावं. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझं एवढंच म्हणणं आहे: दर वर्षी दहा उदास कथा छापता, त्यांतली एक कमी करा. ती पानं निरोप्यांना, हमालांना आणि बोलणाऱ्या नद्यांना द्या, आणि वर ‘बालविभाग’ असं छापू नका.