संडासाची किल्ली कोणाकडे?



गेल्या रविवारी एका वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर आम्ही चार शब्द बोलायला उभे राहिलो. विषय होता वस्तीच्या संडासाचा. दोन तरुण हसले. विहारात हा काय विषय, असे त्यांच्या तोंडावर दिसत होते. तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, "हसू नका रे पोरांनो. अर्धा जन्म मी अंधार पडायची वाट बघत काढलाय." मग कोणी हसले नाही.

हा प्रश्न आयाबहिणींनाच विचारावा. दिवसभर पाणी कमी प्यायचे, पोट दाबून बसायचे, तरण्या मुलीबरोबर आईने डबा घेऊन जायचे. दाराला कडी नाही, दिवा नाही, पाणी नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. परंतु जिथे पन्नास घरांना एक संडास, तिथे नुसत्या उपदेशाने स्वच्छता कशी येणार?

आजवरची रीत अशी की, महापालिका मंजुरी देते, ठेकेदार बांधून बिल घेतो, नगरसेवक नारळ फोडतो. वस्तीला कोणी विचारत नाही. मग वर्षभरात दारे जातात, नळ जातात. अशा संडासाला कोणी धनी नसतो.

पुण्यात मात्र वेगळा प्रयोग झाला. १९९९ साली तेथील आयुक्त श्री. रत्नाकर गायकवाड यांनी हे काम स्वयंसेवी संस्थांकडे दिले. पैसा, पाणी, वीज पालिकेची. बांधकाम व देखभाल संस्थांनी वस्तीला बरोबर घेऊन करायची. चारशेच्या वर संडास उभे राहिले, दहा हजारांच्या वर सीट झाल्या. त्यात 'स्पार्क', झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि 'महिला मिलन' यांचा मोठा वाटा होता. बायांनी स्वतः सांगितले, रांग वेगळी हवी, पाण्याची टाकी हवी, लहान पोरांना बसायला बेताच्या, धरायला दांडी असलेल्या सीट हव्यात. काही ठिकाणी तर बायांनीच ठेका घेतला. महिन्याचा पास तेव्हा घराला वीस रुपये होता. रोज माणशी एक रुपया दिला असता, तर पाच माणसांच्या घराला दीडशे पडले असते.

त्या सभेत एका तरुणाने रास्त प्रश्न विचारला. "साहेब, सोय करणे हे पालिकेचे काम. मग वर्गणी आम्ही का भरायची? बंगलेवाले भरतात का?"

प्रश्न खरा आहे. त्याला आमचे उत्तर असे की, बांधकाम, पाणी, गटाराची जोडणी, टाकीचा उपसा ही पालिकेची जबाबदारी आहे, ती एक पैसाही सोडू नये. परंतु किल्ली आपल्याकडे असावी. ज्याची वर्गणी, त्याला जाब विचारता येतो. फुकटच्या संडासाबद्दल बोलायला गेलो तर आपल्याला हाकलतात.

मात्र किल्ली वस्तीकडे म्हणजे एका पुढाऱ्याकडे नव्हे. मुंबईतही अशीच योजना झाली. माणशी शंभर रुपये वर्गणी काढून मंडळे स्थापन झाली. काही चांगली चालली, काही ठिकाणी दोन-चार पदाधिकाऱ्यांनी त्याचा धंदा केला. आम्ही हिशेबाच्या कामातली माणसे, म्हणून सांगतो, दर महिन्याला जमा-खर्च फळ्यावर लिहा, पावतीबुक ठेवा आणि पैसे काढायला दोन बायांच्या सह्या लागतील असा ठराव करा.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो संडास धुणार कोण? आपण समतेच्या गोष्टी करतो आणि झाडू मात्र ठराविक जातीच्याच हातात देतो, हे धम्माला शोभत नाही. जो राखण करील, सफाई करील, त्याला पुरता पगार, हातमोजे, गमबूट आणि मान मिळाला पाहिजे. टाकीत मात्र कोणालाही उतरवू नये. सुरक्षेची साधने न देता माणूस टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीत जीव गेला तर तीस लाख भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. परंतु पैशाने माणूस परत येत नाही. टाकीवरची लादीही तपासून घ्यावी. २०१७ साली मानखुर्दला संडासाची जमीन खचून तीन माणसे गेली, हे विसरू नका.

तेव्हा येत्या रविवारी विहारात पाच बायांची समिती करा. घरे किती, सीट किती, चालू किती, बंद किती, हे वहीत लिहा. त्यावरून अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. तोंडी आश्वासनाची नोंद कुठल्याच फाईलीत होत नसते.

जयभीम!