काळ्या काचेआडून

उन्हात छत्री उघडणाऱ्याला कुणी ‘मिरवतोस काय?’ असं विचारत नाही. मी गॉगल लावला की मात्र ‘काय हिरो!’ हे ठरलेलं! अर्धशिशीवाल्याच्या डोळ्यांत साधी ट्यूबलाइटसुद्धा टाचणीसारखी टोचते, हे या मंडळींच्या गावीही नसतं. मोतीबिंदूवाल्या आजोबांना काळा चष्मा माफ. आम्ही काय डॉक्टरची चिठ्ठी गळ्यात अडकवून हिंडायचं? वर सल्ला, ‘फुटपाथवरचा घे, स्वस्तात पडतो!’ अहो, काच नुसती काळी असून भागत नाही. तिनं ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवायला हवेत. नाहीतर अंधाराला फसून डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट जास्तच आत शिरू शकतात. लग्नात तर फोटोग्राफर हटकून म्हणतो, ‘काका, गॉगल काढा.’ आधी तुझा तो दिवा विझव म्हणावं!